गावाने नेट बिनविरोध दिलं तो उन्हाळा

बारावीचे पेपर सुरू झाले की टीव्हीचा आवाज बारीक करायचा, अशी आमच्या घरातली रीत होती. घरात परीक्षेला बसणारं कोणी असो वा नसो. भिंतीपलीकडे कुणाची तरी पोर वाचत बसलेली असणार, एवढं कारण पुरे होतं. यंदा मात्र टीव्ही मोठ्याने चालू आहे. माझे चुलत सासरे आप्पा खुर्ची पुढे ओढून बसलेत आणि पडद्यावरच्या चौकोनांतली माणसं एकाच वेळी ओरडतायत. विषय असा, की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना सरकारने लगाम घालावा की घालू नये. टायवाले गृहस्थ म्हणतायत, सरकारने हात घातला की धंदा मेला. जाकीटवाले म्हणतायत, हात घातला नाही तर जनता मेली. निवेदिका दोघांनाही थोडक्यात मरायला सांगते आहे, कारण तिला जाहिरातीवर जायचंय.

"आप्पा, आवाज कमी करू का? पेपर चालू आहेत," मी विचारलं.

"कुणाचं?" आप्पा म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं. मी उठून मागच्या दारी गेले.

मागच्या दारी गुऱ्हाळाचा धूर येतो. आमच्या खुटबावात या दिवसांत हवाच गोड असते. रस आटायला लागला की वाळत घातलेल्या कपड्यांना, उशीच्या अभ्र्यांना, अगदी केसांनासुद्धा तो वास धरतो. पाहुण्यांना याचं फार कौतुक वाटतं. मलाही वाटायचं. आता तो वास नाकात गेला की नकोसा होतो, कारण काही वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा त्या वासासकट माझ्यात बसलाय आणि उठायचं नाव घेत नाही.

मी मूळची पाबळची, म्हणजे शिरूर तालुक्यातल्या कोरड्या अंगाची. आमच्याकडे पाणी आकाशातून यायचं किंवा टँकरातून, आणि दोन्हींच्या बाबतीत माणसाने मान वर करून वाट बघायची एवढंच काम. लग्न होऊन दौंड तालुक्यात आले तर इथे पाट. इथली माणसं पाण्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलतात. आलं, गेलं, अडवलं, चोरलं, रुसलं. कालव्याच्या तोंडाशी ज्याचं रान तो हेडवाला, शेपटाशी ज्याचं रान तो टेलवाला, आणि सोयरीक जुळवताना मुलाच्या शिक्षणाआधी हे विचारतात. पाटकरी, म्हणजे पाटाची दारं उघडणारा सरकारी माणूस, त्याला चहा न पाजता कोणी पुढे जाऊ देत नाही. माझं सगळं शिक्षण मराठी साहित्यात झालेलं, पण सत्ता म्हणजे काय हे मला पहिल्यांदा त्या माणसाच्या हातातल्या किल्लीवरून कळलं.

पाटाच्या पाण्याचं उन्हाळी आवर्तन नेमकं परीक्षेच्या दिवसांत सुटतं. पोरी पेपर लिहायच्या आणि त्याच्या आधी-मागे सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून उसात पाणी वळवायच्या. मी दौंडच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. पर्यवेक्षण करताना एकदा एकीच्या पायाकडे लक्ष गेलं. चपलेत ओला गाळ होता आणि ती मन लावून रसायनशास्त्राचं समीकरण सोडवत होती. तिची उत्तरपत्रिका मला पावसासारखी, नाही, उगाच कशाला उपमा. तिची उत्तरपत्रिका स्वच्छ होती.

ती कोमल. बौद्धवस्तीतली. वडील टेम्पोवर ड्रायव्हर, आई कांदे काढायला, खुरपायला. गणितात अशी पोर मी दुसरी पाहिली नाही. गणित मला येत नाही, त्यामुळे माझ्या साक्षीला किंमत नाही हे खरं, पण माणूस ज्या विषयात रमतो तो विषय त्याच्या चेहऱ्यावर दिसतो, तेवढं ओळखता येतं. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. त्यासाठी बारावीनंतर महिन्याभराने येणारी सीईटी द्यायची होती, आणि सरकारी कॉलेजात जागा मिळेल इतके मार्क पाडायचे होते. नुसतं पास होऊन भागणार नव्हतं. पुण्याला क्लासला पाठवायचं घरच्यांच्या मनातही आलं नाही. विहारापर्यंत मात्र पाठवायचे.

विहारामागच्या खोलीत सुनंदाची अभ्यासिका होती. सुनंदा माझ्याच वयाची, शिकवण्याची पदवी घेतलेली, आणि नोकरी कुरकुंभच्या एका कंपनीत पॅकिंगला. पहाटे कंपनीच्या बसने जायची, दुपारी परत यायची, तोंडावर पाणी मारून खोलीचं कुलूप काढायची. गेल्या कितीतरी वर्षांत तिला कुठल्या शाळेने घेतलं नाही. एकदा मी हळहळले तर म्हणाली, "वहिनी, मला नाही घेतलं ते जाऊ द्या. मी रोज त्या लाइनीवर उभी राहून एकच इचार करते. ह्या पोरींपैकी एक बी माझ्या शेजारी उभी राहिली न्हाई पाहिजे."

वस्तीने वर्गणी काढून भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता. त्यावर नेटवरून गणिताचे, भौतिकशास्त्राचे तास चालायचे. शिकवणारे सर विदर्भातले कुठले तरी, फुकट शिकवायचे, कोणी त्यांना भेटलेलं नव्हतं. दर रविवारी ते सराव परीक्षा घ्यायचे, घड्याळ लावून, खरी सीईटी संगणकावर होते तशी, पडद्यावर. खोलीत उदबत्तीचा वास, चटईवर मांडी घातलेल्या पोरी, दाराशी चपलांचा ढीग, आणि त्या ढिगात मराठ्यांच्या, माळ्यांच्या पोरींच्याही चपला. सुरुवातीला दोनचार घरांनी कुरकुर केली होती. मग एकीचे मार्क वाढले आणि कुरकुर थांबली. मार्कांपुढे आपल्याकडे भलेभले गप्प होतात, आणि मला त्या गोष्टीचं कधी वाईट वाटलं नाही.

खोलीतलं नेट माझ्या भावाचं होतं. दादा पाबळलाच शिकला, हाताने काम करायला शिकवणाऱ्या शाळेत. वेल्डिंगपासून वायरमनकीपर्यंत सगळं येतं. त्याने दोन मित्रांना घेऊन आसपासच्या गावांना अँटेनावरून नेट द्यायला सुरुवात केली होती. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर त्याने अँटेना बसवली, जुन्या सरपंचांनी तोंडी हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून विहारातला टीव्ही अडखळायचा थांबला. मोबाइलची रेंज आमच्याकडे नावाला. टॉवर तिकडे सोलापूर रोडला, कासुर्डीच्या बाजूला, आणि मध्ये पुरुषभर उंच ऊस. छपरावर चढलं तर दोन काड्या यायच्या आणि बोलायला सुरुवात केली की जायच्या.

त्या उन्हाळ्यातसुद्धा टीव्हीवर हीच चर्चा होती. नेट सगळ्यांना सारखं द्यायचं की कंपनीने ठरवायचं, सरकारने नियम करायचे की बाजारावर सोडायचं. मी पेपर तपासता तपासता ऐकायचे आणि मनात म्हणायचे, मोठ्या शहरांचे मोठे प्रश्न. आमच्या दारात तो प्रश्न मोटारसायकलवर बसून आला.

नाना केबलवाला गावातलाच. गावात पहिली केबल त्याने ओढली, स्वतः खांबावर चढून. कुणाच्या घरात मयत झालं की दहाव्यापर्यंत त्याचं कनेक्शन आपण होऊन बंद ठेवायचा, आणि त्या दिवसांचे पैसे मागायचा नाही. अशा माणसाला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. त्याने एका मोठ्या कंपनीची एजन्सी घेतली आणि गावापुढे प्रस्ताव ठेवला. सगळ्या गावाला घरटी फुकट नेटचा पॅक. शिवाय गावच्या यात्रेला, कुस्त्यांच्या आखाड्यासकट, घसघशीत देणगी. बदल्यात गावातले सगळे खांब आणि पाण्याची टाकी काही वर्षांसाठी एकट्या नानाकडे.

सुनंदाने दौंडला त्याच कंपनीचा पॅक वापरणाऱ्या ओळखीच्या बाईकडे चौकशी केली. मग मला घेऊन आप्पांच्या गुऱ्हाळावर गेली. आप्पा सोसायटीचे माजी चेअरमन, गावात त्यांचा शब्द शेवटचा. नाना तिथेच बसला होता, हातात काकवीची वाटी.

"फुकट देतोय ताई," नाना हसत म्हणाला. "आता फुकटाला बी नावं ठिवायची का?"

"फुकटात काय काय उघडतं ते सांगा की नाना."

"समदं उघडतं. काही पटकन, काही दमानं."

"दमानं म्हंजी?"

"म्हंजी... येतं."

"कंपनीचा सोताचा क्लास हाय, त्यो पटकन येतो. पैसं भरायचा. आन् आमच्या सरांचा तास?"

"त्यो येईल की. गोल गोल फिरंल थोडं." नानाने बोट हवेत फिरवलं. "ताई, मी काय करू? वरनं जे येतं तेच मी खाली सोडतो."

आप्पा भट्टीकडे बघत होते. रस उकळून वर येत होता आणि गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढत होता. "पाटाचं बी तसंच हाय गं," आप्पा म्हणाले. "हेडला पटकन, टेलला दमानं. म्हणून आपण काय पाट बुजवला का?"

सुनंदा थांबली नाही. "आप्पा, पाटात पाणीच कमी असतंय म्हणून टेलला पोचत न्हाई. हितं पाणी भरपूर हाय. हितं पाटकरी दारावर उभा राहून इचारतोय, माझ्या मेव्हण्याचं बियाणं घेतलंस का? घेतलं असंल तर सोडतो, न्हाईतर बस वाट बघत. असा पाटकरी चालंल का तुम्हाला?"

आप्पा मोठ्याने हसले. "असा पाटकरी असता तर चारीत बुडवला असता त्याला."

"मंग?"

"मंग काय? पाटकरी सरकारचा हाय, म्हणून त्याला नियम लागतो. नाना आपला हाय."

त्या वाक्यावर तिथल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. नानानेही. मला त्या वेळी पहिल्यांदा भीती वाटली. आमच्या भागात हा फार जुना हिशेब आहे. परक्या माणसाला नियम लावायचा आणि आपल्या माणसाला शब्द. शब्द मोडणारा नाना नव्हताच मुळी. पण नानाच्या वर जी कंपनी बसली होती तिला आम्ही कोणीच बघितलं नव्हतं, आणि तिला आमचं गाव नकाशावर तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. आम्ही आमच्या माणसाचा शब्द घेऊन तिच्याशी व्यवहार करत होतो.

दादाला फोन केला तर तो कडवट हसला. त्या वर्षी परवान्याच्या अटी वाढल्या होत्या आणि त्याच्याएवढ्या लहान धंद्याला त्या पेलवत नव्हत्या. "अगं, तुझ्या टीव्हीवरच्या दोघांनाबी सांग," तो म्हणाला. "सरकार आलं की पहिला मी मरतो. सरकार न्हाई आलं की मोठी कंपनी येती, तवा बी मीच मरतो. त्यांनी भांडत बसावं."

ग्रामसभा देवळाच्या मंडपात झाली. चैत्रातली यात्रा तोंडावर आलेली. पालख्यांचे दांडे रंगवून उन्हात वाळत ठेवलेले, मंडपात ऑइल पेंटचा वास. आमच्या गावाला एका गोष्टीचा फार अभिमान आहे. इथे ठराव बिनविरोध होतात. सोसायटीची निवडणूक बिनविरोध, यात्रा कमिटी बिनविरोध. शेजारच्या गावांत भावाभावांची डोकी फुटली, आमच्याकडे कधी नाही. हे चांगलंच आहे, मी त्याला हसत नाही. फक्त बिनविरोध होण्यासाठी विरोध करणाऱ्याने आधी घरी बसायचं असतं, किंवा मंडपात येऊन गप्प बसायचं असतं.

सुनंदा उठून उभी राहिली. म्हणाली, "माझा फुकट पॅकला विरोध न्हाई. नानांना बी न्हाई. फक्त टाकीवरची अँटेना सीईटी होईस्तोर राहू द्या. न्हाईतर ठरावात एवढं घाला, की समदं सारख्याच स्पीडनं आलं पाहिजे."

मंडपात कुजबुज झाली. कोणीतरी मागून म्हणालं, "वस्तीचा विरोध हाय असं लिहायचं का मंग?" आवाज चढलेला नव्हता. अगदी साध्या सुरात विचारलं होतं. पण त्या एका प्रश्नाने सुनंदाच्या मागे बसलेल्या बायकांनी पदर सावरले, आणि माणसांनी माना खाली घातल्या. ती एका खोलीबद्दल बोलत होती आणि प्रश्न एका वस्तीचा करून टाकला होता. यात्रेच्या तोंडावर, गावात राहून, तो शिक्का कपाळावर घ्यायची कोणाची छाती होणार?

मी उठले. म्हटलं, सुनंदा सांगतेय ते फक्त वस्तीचं नाही, त्या खोलीत तुमच्याही पोरी बसतात. आप्पा मायेने म्हणाले, "सूनबाई, आपण घरी बोलू." लोक हसले. मी उभीच राहिले, पण तोवर सूचक झाला, अनुमोदक झाला, टाळ्या झाल्या. उभ्या बाईला धरून ठराव बिनविरोध मंजूर झाला.

बारावीचे पेपर संपायच्या आतच टाकीवरची अँटेना उतरली. दादा स्वतः येऊन घेऊन गेला. कोणावर चिडला नाही, चहासुद्धा घेतला. नानाने विहारात फुकट जोडणी दिली, सगळ्यांच्या आधी, स्वतः शिडी लावून. त्याच्या मनात खोट नव्हती हे मी आजही म्हणते. सरांचा तास लावला. सर फळ्याकडे वळले आणि तसेच थांबले. खडू हातात, तोंड अर्धं उघडं, आणि पडद्याच्या मधोमध ते गोल चक्र. पोरी वाट बघत बसल्या. मग कंपनीच्या क्लासची जाहिरात लावून पाहिली. ती झर्रकन आली, एकदाही न अडकता.

ते महिने मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. कढईतून वाफ्यात ओतलेला गूळ, त्यावर धरलेली साय. पाटाचं पाणी सुटल्यावर भरावावर येणारा ओल्या मातीचा गारवा. आणि त्या भरावावर, जिथे रेंज मिळायची, ओढणी डोक्यावर घेऊन भर उन्हात मोबाइल हातात धरून बसलेल्या पोरी. पडदा उन्हात दिसायचा नाही, म्हणून ओढणीचा अंधार करून त्यात तोंड घालायच्या. भरावावर मोटारसायकली घेऊन पोरं यायला लागली. हॉर्न, शिट्ट्या, उगाच येरझाऱ्या. एका घराने पोरीला येऊ दिलं नाही, मग दुसऱ्या घराने. विहारापर्यंत जायची परवानगी होती, पाटापर्यंत नव्हती. कोमल सगळ्यात शेवटपर्यंत येत होती. रविवारची सराव परीक्षा मात्र तिथे जमेना. घड्याळ पुढे पळायचं आणि प्रश्न यायचा नाही.

मी सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, हे कंपनीच्या अखत्यारीत येतं. कंपनीला फोन लावला तर एक मुलगी हिंदीत गोड आवाजात बोलत राहिली. ती ध्वनिमुद्रित होती हे कळायला मला बराच वेळ लागला. दौंडच्या सरकारी कचेरीत गेले. तिथले साहेब भले होते, बसायला खुर्ची दिली. "मॅडम, नियम आहे की," ते म्हणाले. "कंपनीला असा दुजाभाव करता येत नाही. चांगला कडक नियम आहे." मी विचारलं, मग तो बघतं कोण? त्यांनी पंख्याकडे बोट केलं. म्हणजे वर, दिल्लीला. तक्रार नेटवरून करायची होती. आमच्या पॅकमध्ये ते पान दिवसभर फिरत राहिलं आणि उघडलं नाही. मला त्या दिवशी हसू आलं होतं. आता येत नाही.

टीव्हीवर जे भांडतात त्यांचं मला एक कळत नाही. ते सरकार आणि बाजार असे दोन पैलवान आखाड्यात उतरवतात आणि आपण कोणाच्या बाजूने ते सांगा म्हणतात. आमच्या गावात दोघेही आले नव्हते. नियम दिल्लीत होता, कंपनी मुंबईत होती, आणि गावात फक्त आम्ही होतो, एकमेकांना न दुखवणारे. यात मी कोणाला फाशी देऊ? नानाला? आप्पांना? ज्या माणसाने मागून तो प्रश्न विचारला त्याला? त्याचीही भाची त्या खोलीत बसायची. पुष्कळदा वाटतं, एखादा तरी खलनायक असता तर बरं झालं असतं. रात्रंदिवस शिव्या घालता आल्या असत्या.

कोमलने सीईटी दिली. पुण्याच्या केंद्रावर वडिलांनी टेम्पोतून नेलं. परत आल्यावर मी विचारलं, कसा गेला? म्हणाली, "येत होतं बाई. टाइम पुरला न्हाई. घड्याळ लावून सोडवायची सवयच मोडली होती." थोडक्यात हुकलं. सरकारी कॉलेजची जागा जिथे संपली त्याच्या जरा खाली तिचं नाव राहिलं. नेटमुळेच हुकलं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नशीब असेल, पेपर अवघड असेल, त्या दिवशी डोकं दुखत असेल. कोणतंही नुकसान आमच्याकडे असं होतं, की ते कोणाच्याच दारात नेऊन ठेवता येत नाही. पुढच्या वर्षी परत बसू, असं ती म्हणाली होती. पुढच्या वर्षी खोलीत तीनचार पोरी उरल्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी सुनंदाने उन्हाळ्यात कुलूप काढलंच नाही.

त्या साली यात्रा मात्र दणक्यात झाली. एवढा मोठा आखाडा गावाने पाहिला नव्हता. त्याचं चित्रण फुकट पॅकवर अजिबात न थांबता दिसलं.

गेल्या महिन्यात नानाची मुदत संपली आणि कासुर्डीच्या बाजूने दुसऱ्या कंपनीची तार गावात शिरली. उसाच्या बांधाबांधाने निळी नळी पुरत मजूर आले, बिहारकडचे. आता सगळं सारख्याच वेगाने येतं. हे सरकारच्या नियमामुळे झालं असं जाकीटवाले म्हणतील, आणि बाजारातल्या स्पर्धेमुळे झालं असं टायवाले. दोघांचंही खरं असेल. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. आत्ता सुनंदाचा फोन आला, "वहिनी, या की विहारात." आज तिला सुट्टी होती. आप्पांच्या "कुणाचं?" वर उत्तर न देता मागच्या दारी उभी होते, ती तशीच चपला घालून निघाले.

तिने खोली धुऊन काढली होती. चटया झटकून पसरल्या होत्या, टीव्हीवरचं फडकं काढलं होतं. नवी जोडणी लावून घेतली होती, स्वतःच्या पगारातून. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. तिने तेच सर लावले. सर आता जरा पिकलेत. तास सुरू झाला आणि कुठेही न अडकता सरळ चालू राहिला. फळा भरला, पुसला, परत भरला. मला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी बघत राहिले. दाराशी आमच्या दोघींच्याच चपला होत्या.

"कोणाला सांगितलंस?" मी विचारलं.

"समद्यांच्या घरी जाऊन आले. आताच्या पोरींना सवय न्हाई वहिनी. त्यांच्या आयांना बी न्हाई. म्हणत्यात, आता काय करायचं, कंपनीत घेत्यात की बारावीवर." ती सरांकडे बघत बोलत होती. "कोमलला बी सांगितलं."

"कोमलला? तिला आता वेळ असतो?"

"अजून वय न्हाई गेलं तिचं. परत बसता येतं. म्हणलं, कोमल, नेट आलंय बघ, अजिबात थांबत न्हाई, ये संध्याकाळची." सुनंदाने तळहाताने चटईवरची नसलेली धूळ झाडली. "म्हणली, ताई, संध्याकाळची कशी येऊ, माझी सेकंड शिफ्ट हाय."

"कुठे लागली ती?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझ्याच लाइनीला. मी सुटते तवा ती उभी राहती. माझ्याच जागेवर."